पट्टा कोणी सोडवायचा? मनगटी घड्याळाच्या धातूच्या पट्ट्याचा आणि त्याच्या सांध्याचा इतिहास

१. प्रस्तावना

यंत्ररचना शिकवताना जोडणीचे दोन प्रकार सांगितले जातात: कायमची जोडणी आणि सुटी होणारी जोडणी. वेल्डिंग, सोल्डरिंग आणि रिव्हेट पहिल्या गटात येतात. स्क्रू, पिन आणि कॉटर दुसऱ्या गटात येतात. विद्यार्थी हे वर्गीकरण पाठ करतात आणि पुढे जातात. पण एखादी जोडणी कायमची ठेवायची की सुटी, आणि सुटी ठेवली तर ती कोणाच्या हाताने सुटावी, हा निर्णय केवळ ताकदीच्या गणितावर होत नाही. त्यात बाजारपेठ येते, कारागिराची रोजीरोटी येते आणि वस्तू घेतल्यानंतर ती खरोखर कोणाची, हा प्रश्नही येतो.

या पाठात आपण हा प्रश्न एका लहानशा वस्तूच्या आधारे पाहणार आहोत. ती वस्तू म्हणजे मनगटी घड्याळाचा धातूचा पट्टा, ज्याला आपण बोलताना 'चेन' म्हणतो. घड्याळाच्या इतिहासात यंत्राविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पट्टा आणि घड्याळ जिथे एकमेकांना मिळतात त्या सांध्याकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. गेल्या सुमारे सव्वाशे वर्षांत हा सांधा आधी बंद होता, मग खुला झाला, मग काही ठिकाणी पुन्हा बंद झाला आणि आता वेगळ्याच रीतीने उघडतो आहे. हा प्रवास समजून घेणे हे या पाठाचे उद्दिष्ट आहे.

२. सांध्याची रचना आणि पट्टा बदलण्याची क्रिया

इतिहासाकडे वळण्यापूर्वी आजचा सर्वसाधारण सांधा कसा असतो ते पाहू. घड्याळाच्या डब्याला वर दोन आणि खाली दोन अशी चार टोके बाहेर आलेली असतात. फ्रेंच भाषेत त्यांना 'शिंगे' या अर्थाचा शब्द आहे. इंग्रजीत त्यांना 'लग' म्हणतात. आपण भांड्याला असतात तसे 'कान' म्हणू. दोन कानांमधले अंतर ही या सांध्याची मुख्य मिती. पुरुषांच्या घड्याळांत ती बहुधा १८, २० किंवा २२ मिलिमीटर असते.

कानांच्या आतल्या बाजूला बारीक भोके असतात. त्यांत बसते ती स्प्रिंगपिन. ही एक पोकळ नळी असते, साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाडीची. तिच्या आत स्प्रिंग असते आणि टोके आत दाबली जातात. पिन दाबून दोन कानांच्या मध्ये धरली आणि सोडली, की टोके आपोआप भोकांत जाऊन बसतात.

पट्टा काढायचा तर ही क्रिया उलटी करायची. घड्याळ मऊ कापडावर पालथे ठेवावे. कानांवर ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटपट्टी लावावी. दुबेळके टोक असलेल्या हत्याराने पिनेच्या टोकाजवळची कड पकडून ती आतल्या बाजूला ढकलावी आणि पट्टा किंचित उचलावा. एक बाजू सुटली की दुसरी सहज निघते. पिन उडून हरवू नये म्हणून दुसऱ्या हाताचे बोट तिच्यावर ठेवावे. काही घड्याळांत कानांना बाहेरपर्यंत आरपार भोके असतात. तिथे बाहेरून बारीक टोकाने पिन दाबली की काम होते.

पट्टा सैल असेल तर कड्या कमी कराव्या लागतात. कड्यांच्या आतल्या बाजूला बाण कोरलेले असतात. पिन बाणाच्या दिशेने बाहेर काढायची आणि परत बसवताना उलट दिशेने घालायची. काही पट्ट्यांत टोकाशी चिरलेली पिन असते, काहींत पिन आणि तिच्यावर बारीक नळी असते, तर महागड्या पट्ट्यांत स्क्रू असतात. कड्या काढताना लॉकच्या दोन्ही बाजूंचा तोल सांभाळावा, म्हणजे लॉक मनगटाखाली मध्यावर राहते.

ही सगळी क्रिया पाच-दहा मिनिटांची आहे. ती एवढी सोपी असणे ही इतिहासातली एक मोठी सोय आहे. सुरुवातीला ती नव्हती.

३. सोल्डर केलेल्या तारेपासून स्प्रिंगपिनपर्यंत

मनगटावर घड्याळ बांधण्याची कल्पना आधी दागिन्यातून आली. घड्याळकार ब्रेगे याच्याकडे नेपल्सची राणी कॅरोलिन म्यूरा हिने १८१० मध्ये मनगटावर घालायच्या घड्याळाची मागणी नोंदवली होती. एकोणिसाव्या शतकात अशी घड्याळे श्रीमंत स्त्रियांसाठी बनत राहिली. ती मुळात कंकणे होती आणि कंकणात घड्याळ बसवलेले होते. म्हणजे घड्याळ आणि पट्टा वेगळे असण्याचा प्रश्नच नव्हता. सोनाराने दोन्ही एकत्रच घडवलेले असत.

पुरुष त्या काळी खिशातले घड्याळ वापरत. युद्धाने ही सवय बदलली. घोड्यावर बसलेल्या किंवा हातात बंदूक धरलेल्या सैनिकाला खिशातून घड्याळ काढणे परवडत नाही. १८९९ ते १९०२ या काळातल्या बोअर युद्धात काही सैनिकांनी खिशातले घड्याळ चामड्याच्या कपात बसवून मनगटाला बांधले. पहिल्या महायुद्धात तोफखान्याचा मारा आणि पायदळाची चाल ठरल्या मिनिटाला जुळवावी लागे, तेव्हा मनगटी घड्याळ गरजेचे झाले.

खंदकातल्या या घड्याळांची बांधणी पाहण्याजोगी आहे. खिशातल्या घड्याळासारख्या गोल डब्याला वर आणि खाली वाकवलेल्या तारेची एकेक कडी सोल्डर केलेली असे. ही तार निघत नसे. त्यामुळे पट्टा एकतर तारेभोवती दुमडून शिवावा लागे, किंवा एकाच लांब पट्टीचा वापर करून ती दोन्ही तारांखालून ओवून घ्यावी लागे. चामडे घामाने आणि चिखलाने कुजले की नवा पट्टा शिवण्यासाठी मोच्याकडे जाण्यावाचून गत्यंतर नसे. धातूचा पट्टा अशा तारेला लावायचा तर त्याच्या टोकाला उघडणारी आकडी हवी.

नंतरच्या दोन-तीन दशकांत तारेची जागा कानांनी आणि सोल्डरची जागा स्प्रिंगपिनेने घेतली. दिसायला हा बदल किरकोळ आहे. परिणामाने तो मोठा आहे. कायमची जोडणी सुटी झाली. एवढेच नव्हे, तर दोन कानांमधले अंतर आणि पिनेची जाडी जुळली की कोणत्याही कारखान्याचा पट्टा कोणत्याही कारखान्याच्या घड्याळाला बसू लागला.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना इथे जोसेफ व्हिटवर्थ आठवावा. १८४१ मध्ये त्याने स्क्रूच्या आट्यांसाठी एकच प्रमाण मांडले आणि एका गावात बनलेला नट दुसऱ्या गावात बनलेल्या बोल्टला बसण्याचा मार्ग मोकळा झाला. कानांतले अंतर आणि स्प्रिंगपिन यांनी घड्याळाच्या बाबतीत, लहान प्रमाणात, तेच काम केले.

४. गंजरोधक पोलाद आणि पट्ट्याचा वेगळा उद्योग

सुट्या सांध्याला जोड मिळाली ती धातुशास्त्राची. १९१२-१३ च्या सुमारास जर्मनीत क्रुप कारखान्यात आणि इंग्लंडमध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली याच्या हातून गंजरोधक पोलादाचे वेगवेगळे प्रकार पुढे आले. त्यांपैकी सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले पोलाद घड्याळांसाठी उपयोगी ठरले. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिपातळ थर तयार होतो आणि तो घासला गेला तरी पुन्हा जमतो. सोने महाग, चांदी काळी पडणारी, निकेलचा मुलामा उडणारा. त्यापुढे हे पोलाद घामाला टिकणारे होते. आज पट्ट्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ३१६एल या प्रकारात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनमही असते, त्यामुळे खारट घामाने पडणारे बारीक खड्डे कमी होतात.

सांधा सर्वांना सारखा असल्यामुळे घड्याळ बनवणारा आणि पट्टा बनवणारा हे दोन वेगळे उद्योग होऊ शकले. जिनिव्हा येथील गे फ्रेर ही कंपनी १८३५ पासून साखळ्या बनवत होती. विसाव्या शतकात ती अनेक नामांकित स्विस कंपन्यांना धातूचे पट्टे पुरवू लागली. जर्मनीतले फोर्त्सहाइम हे दागिन्यांच्या धंद्याचे जुने शहर विणलेल्या जाळीच्या आणि ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे केंद्र बनले. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात 'बाँक्लिप' नावाचा पट्टा चालला. त्याची रचना शिडीसारखी होती आणि लॉक कोणत्याही पायरीत अडकवता येई, म्हणजे कड्या काढण्यासाठी हत्यारच लागत नसे.

अमेरिकेत प्रॉव्हिडन्स येथील स्पायडेल कंपनीने १९५९ मध्ये 'ट्विस्ट-ओ-फ्लेक्स' नावाचा पट्टा आणला. त्यात प्रत्येक कडीच्या आत पानाची स्प्रिंग होती. पट्टा ताणायचा, हातातून सरकवायचा आणि सोडायचा. जाहिरातीत त्याची गाठ मारून दाखवत. भारतातही असे स्प्रिंगचे पट्टे घरोघरी होते. मनगटावरचे केस ओढणारा हा पट्टा मागच्या पिढीतल्या अनेकांना चांगलाच आठवत असेल.

पट्ट्याच्या कड्याही याच काळात बदलत गेल्या. सुरुवातीच्या अनेक पट्ट्यांत कड्या रिव्हेट केलेल्या किंवा पातळ पत्रा दुमडून केलेल्या असत. ते हलके असत, पण लवकर खुळखुळू लागत. पुढे भरीव कड्या आणि स्क्रू आले. जुना पट्टा 'ताणला गेला' असे आपण म्हणतो, पण पोलाद ताणले गेलेले नसते. कड्यांच्या पिना आणि भोके झिजलेली असतात. घाम आणि धूळ मिळून घासण्याच्या लेपासारखे काम करतात. समजा २० सांधे आहेत आणि प्रत्येकात ०.१ मिलिमीटर झीज झाली, तर पट्टा एकूण २ मिलिमीटर लांब होतो. असा पट्टा बदलणे हाच उपाय, आणि तो बदलता येणे हे सांध्यावर अवलंबून असते.

५. खुल्या सांध्याचा उपयोग: सैन्यापासून चंद्रापर्यंत

स्प्रिंगपिनेची ताकद किती असते? एक ढोबळ गणित करू. पिनेच्या टोकाचा व्यास ०.८ मिलिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.५ चौरस मिलिमीटर येते. पोलादाची कर्तन-क्षमता ३०० मेगापास्कल धरली, तर एक टोक सुमारे १५० न्यूटन आणि दोन्ही टोके मिळून ३०० न्यूटन भार घेतात. पोलादी पट्ट्यासह १५० ग्रॅमच्या घड्याळाचे वजन होते जेमतेम दीड न्यूटन. म्हणजे कागदावर ही पिन दोनशेपट सुरक्षित आहे.

तरीही घड्याळे मनगटावरून पडतात. कारण पिन कातरली जाऊन तुटणे हा तिचा नेहमीचा मार्ग नाही. ती वाकते, आतली स्प्रिंग घामाने गंजून अडकते, भोक झिजून मोठे होते, किंवा कोणीतरी आखूड पिन बसवलेली असते. मग टोक भोकातून सरकते. विद्यार्थ्यांनी एवढे लक्षात ठेवावे: सुरक्षितता गुणांक काढण्यापूर्वी भाग नेमका कसा निकामी होतो ते पाहावे.

ब्रिटिश सैन्याने या दुबळेपणावर दोन उत्तरे काढली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी घेतलेल्या घड्याळांत कानांमध्ये न निघणारे दांडे होते. म्हणजे सांधा पुन्हा कायमचा केला, पण या वेळी जाणूनबुजून. दुसरे उत्तर नायलॉनच्या पट्ट्याचे. १९७३ च्या ब्रिटिश संरक्षण प्रमाणकात वर्णन केलेला आणि आज 'नाटो पट्टा' म्हणून ओळखला जाणारा हा पट्टा दोन्ही दांड्यांमागून सलग जातो. साध्या घड्याळावर तो लावला आणि एक पिन निसटली, तरी दुसरी घड्याळाला धरून ठेवते.

खुल्या सांध्याचा सर्वांत बोलका पुरावा अंतराळातला आहे. १९६५ मध्ये नासाने ओमेगा स्पीडमास्टर हे घड्याळ मानवी मोहिमांसाठी मान्य केले. ते बाजारात विकले जाणारेच घड्याळ होते. अंतराळवीराच्या जाडजूड पोशाखाच्या बाहीवर पोलादी पट्टा पुरणार कसा? नासाने तो काढला आणि लांबलचक वेल्क्रो पट्टा लावला. जुलै १९६९ मध्ये बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरला तेव्हा त्याच्या बाहीवर असेच घड्याळ होते. बनवणाऱ्याच्या मनातही नसलेला उपयोग वापरणाऱ्याला करता आला, आणि त्यासाठी घड्याळाच्या डब्यात एकही बदल करावा लागला नाही. खुल्या जोडणीचा खरा फायदा हाच.

६. १९७२ नंतर: घड्याळ आणि पट्टा पुन्हा एकजीव

डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सेइको कंपनीने 'ॲस्ट्रॉन' हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. पुढच्या पंधरा वर्षांत स्विस घड्याळ उद्योगाची घडी विस्कटली. १९७० च्या सुमारास तिथे अंदाजे ९०,००० लोक काम करत होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही संख्या सुमारे ३०,००० वर आली. अचूक वेळ दाखवणे ही आता स्वस्त गोष्ट झाली होती. मग महाग घड्याळ विकायचे कशाच्या जोरावर?

याचे एक उत्तर सांध्यात सापडले. १९७२ मध्ये ओदमार पिगे कंपनीने जेराल्ड जेंता याने रेखाटलेले 'रॉयल ओक' हे घड्याळ आणले. ते पोलादाचे होते आणि किंमत मात्र सोन्याच्या घड्याळाच्या तोडीची होती. त्यात डब्यातूनच पट्टा उगवल्यासारखा वाटतो. कान दिसतच नाहीत. कड्या डब्यापासून लॉकपर्यंत अरुंद होत जातात. हा पट्टा गे फ्रेर यांनीच बनवला होता. १९७६ मध्ये पाटेक फिलिपचे 'नॉटिलस' आले, तेही जेंताच्याच हातचे. पुढे ही शैली रूढ झाली.

यंत्ररचनेच्या दृष्टीने या एकजीव सांध्याचे फायदे खरे आहेत. डबा आणि पट्टा यांच्यात फट राहत नाही, टोकाची कडी खुळखुळत नाही, घड्याळ मनगटाला घट्ट बसते. सौंदर्याच्या दृष्टीनेही ती मोठी झेप होती. पण २० मिलिमीटरचा बाजारातला पट्टा अशा घड्याळाला बसत नाही. पट्टा हवा तर तो त्याच कंपनीचा. ज्या उद्योगात पट्टा आणि घड्याळ सुटे विकले जात होते, तिथे ते पुन्हा एका छताखाली आले. गे फ्रेर ही कंपनीसुद्धा १९९८ मध्ये रोलेक्सने विकत घेतली.

सांधा बंद होणे ही फक्त महागड्या घड्याळांची गोष्ट नव्हती. मार्च १९८३ मध्ये आलेले 'स्वॉच' हे स्वस्त प्लास्टिकचे स्विस घड्याळ. त्याचा पट्टा बिजागरीसारखे दात असलेल्या खास सांध्याने बसे आणि यंत्र डब्यातच असे बसवलेले असे, की ते दुरुस्तीसाठी मागून उघडता येत नसे. एक घड्याळ श्रीमंतासाठी, दुसरे तरुणांसाठी. दोघांनीही मधल्या माणसाला, म्हणजे कोपऱ्यावरच्या घड्याळजीला, वगळले.

७. भारतातला घड्याळजी

भारतात मनगटी घड्याळ बराच काळ आयातीवर अवलंबून होते. वेस्ट एंड वॉच कंपनी, फाव्र-ल्यूबा अशा स्विस नावांची मुंबईत एकोणिसाव्या शतकापासून उपस्थिती होती. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे घड्याळांचे उत्पादन सुरू केले. 'जनता', 'पायलट', 'कोहिनूर', 'कांचन' ही नावे देशभर पोहोचली. मॅट्रिक पास झालेल्या मुलाला, लग्नातल्या जावयाला आणि निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला एचएमटीचे घड्याळ मिळे.

'जनता'सारख्या साध्या किल्लीच्या घड्याळाचा सांधा नेहमीचाच होता: चार कान आणि दोन स्प्रिंगपिना. त्यामुळे बंगळूरला बनलेल्या घड्याळाला नागपूर, पाटणा किंवा गुवाहाटीच्या पदपथावर बसलेला घड्याळजी कोणताही पट्टा लावून देऊ शकत असे. त्याच्याजवळ एक काचेची पेटी, डोळ्याला लावायचे भिंग, चिमटा, बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि डबीत मापवार लावलेल्या पिना असत. नव्या घड्याळाची दुरुस्ती रोज येत नाही. रोजचा गल्ला पट्टे, पिना, काच आणि पुढे बॅटरी यांवर चालतो. म्हणजे या कारागिराची दैनंदिन कमाई खुल्या सांध्यावर उभी होती, असे म्हटल्यास ते चुकीचे होणार नाही.

१९८७ च्या सुमारास होसूर येथील टायटनच्या कारखान्यातून क्वार्ट्झ घड्याळे बाजारात येऊ लागली. घड्याळ आता वेळ दाखवण्याबरोबर पेहरावाचा भाग झाले. सोनेरी मुलाम्याचे, डब्याशी जुळवून बनवलेले पट्टे त्या काळात सर्वच कंपन्यांच्या घड्याळांत लोकप्रिय झाले. ते देखणे होते. पण दमट हवेत आणि घामात मुलामा उडतो, टोकाची खास आकाराची कडी तुटते आणि काही वर्षांनी तो नमुना बंद झालेला असतो. अशी कितीतरी घड्याळे आज घराघरांतल्या खणांत पडून आहेत. बॅटरी घातली तर ती चालतात, पण मनगटावर बांधता येत नाहीत. यंत्र जिवंत आणि सांधा मेलेला, अशी ही अवस्था. त्याच खणात शेजारी पडलेले १९७० चे 'जनता' मात्र नवा पट्टा लावून पुन्हा वापरता येते.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटीचा घड्याळ उद्योग बंद करण्यास मान्यता दिली. त्यानंतरही ती जुनी घड्याळे हातोहात विकली जातात, दुरुस्त होतात. यंत्राचा साधेपणा हे त्याचे एक कारण आहेच. पण सांधा खुला असणे हेही तितकेच महत्त्वाचे कारण आहे.

८. झटपट निघणारा पट्टा: नवा प्रश्न

गेल्या दशकात सांध्याने आणखी एक वळण घेतले. २०१५ मध्ये आलेल्या ॲपलच्या घड्याळात डब्यालाच खाच आहे. मागचे बटण दाबले की पट्टा आडवा सरकून निघतो. २०१६ मध्ये व्हाशेराँ कॉन्स्टंटॅनने आणि २०१८ मध्ये कार्तिएने आपल्या महागड्या घड्याळांत हत्याराशिवाय निघणारे पट्टे दिले. कार्तिएच्या पट्ट्यात तर कड्यासुद्धा बोटाने दाबून कमी करता येतात. घड्याळजीकडे जाण्याची गरजच उरली नाही.

ही प्रगती आहे का? वापरणाऱ्याच्या दृष्टीने नक्कीच आहे. पण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होऊ नये. सांधा सहज उघडणे ही एक गोष्ट आणि सांधा सर्वांसाठी खुला असणे ही दुसरी. स्प्रिंगपिन उघडायला थोडी खटपट लागते, पण तिला कोणाचाही पट्टा चालतो. कंपनीची खास खाच चुटकीसरशी उघडते, पण तिच्यात बसणारा पट्टा त्या आकाराचाच लागतो. पहिल्यात ग्राहक कारागिरावर अवलंबून असतो आणि असे कारागीर अनेक असतात. दुसऱ्यात तो कंपनीवर अवलंबून असतो आणि कंपनी एकच असते.

या दोन्हींचा मेळ घालता येतो, हे एका साध्या सुधारणेने दाखवले आहे. स्प्रिंगपिनेच्या नळीला चीर पाडून तिच्यातून एक बारीक खुंटी बाहेर काढली, की नखाने पिन आत ओढता येते. कान तेच, भोके तीच, माप तेच. अशा पिना असलेले पट्टे आज स्वस्तात मिळतात आणि ते १९७० च्या घड्याळालाही बसतात. ॲपलच्या खाचेसाठीही बाहेरच्या उत्पादकांनी असे जोडतुकडे बनवले आहेत, की त्यांच्या आधारे साधा पट्टा लावता येतो. म्हणजे बंद सांधा उघडण्याची धडपड बाजार स्वतःच करत असतो.

हा प्रश्न घड्याळापुरता नाही, हे आता लक्षात येईल. मोबाइलची चार्जिंगची खाच, प्रिंटरची शाईची डबी, ट्रॅक्टरचे सुटे भाग या सर्वांत हीच ओढाताण दिसते. युरोपीय संघाने मोबाइलसह अनेक उपकरणांसाठी डिसेंबर २०२४ पासून एकच चार्जिंग खाच बंधनकारक केली. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. त्यात शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे घेतली आहेत.

९. समारोप

धातूच्या पट्ट्याच्या सांध्याचा इतिहास चार टप्प्यांत सांगता येतो. पहिल्यात तो सोल्डर केलेला होता, कारण घड्याळ हे कंकण तरी होते किंवा खिशातल्या घड्याळाचे तात्पुरते रूपांतर तरी. दुसऱ्यात स्प्रिंगपिनेने तो खुला केला आणि पट्ट्याचा स्वतंत्र उद्योग व गल्लोगल्लीचा कारागीर यांना जागा मिळाली. तिसऱ्यात क्वार्ट्झच्या धक्क्यानंतर वेगळेपणासाठी तो बंद केला गेला. चौथ्यात तो पुन्हा उघडू लागला, पण बहुधा कंपनीच्या अटींवर.

प्रत्येक टप्प्यात तांत्रिक कारणे होती आणि ती खोटी नव्हती. सैन्याचा न निघणारा दांडा चुकीचा नव्हता, 'रॉयल ओक'चा एकजीव पट्टाही चुकीचा नव्हता. पण तुमच्यापैकी अनेक जण उद्या काही ना काही रचणार आहेत. एखादा सांधा रेखाटताना त्याची ताकद, किंमत आणि दिसणे यांचा विचार तुम्ही कराल. त्याच वेळी आणखी एक प्रश्न विचारावा: तीस वर्षांनी, ही कंपनी नसताना, एखाद्या लहान गावातला कारागीर हा सांधा सोडवू शकेल का? उत्तर 'नाही' असेल, तर त्याचे कारण स्पष्ट सांगता आले पाहिजे.

स्वाध्याय

१. कायमची जोडणी, सुटी जोडणी आणि खुली जोडणी यांतला फरक घड्याळाच्या पट्ट्याच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. स्प्रिंगपिनेच्या टोकाचा व्यास ०.८ ऐवजी १.१ मिलिमीटर केला तर तिची कर्तन-भार घेण्याची क्षमता किती पट वाढेल? तरीही घड्याळ पडण्याचा धोका त्याच प्रमाणात कमी होईल असे का म्हणता येत नाही?

३. तुमच्या घरातले एखादे बंद पडलेले किंवा न वापरले जाणारे घड्याळ पाहा. ते यंत्रामुळे वापरात नाही की सांध्यामुळे? तुमच्या गावातल्या घड्याळजीशी बोलून त्याच्या रोजच्या कामात पट्टे आणि पिना यांचा वाटा किती, याची नोंद करा.

४. 'सहज उघडणारा' आणि 'सर्वांसाठी खुला' या दोन गुणांचा मेळ असलेली एक व नसलेली एक वस्तू तुमच्या विद्याशाखेतून निवडा आणि तुलना करा.